वेळप्रसंगासाठीं

प्रत्येक जुन्या घरांत कांहीं वस्तु वेळप्रसंगासाठीं म्हणून जपून ठेवलेल्या असतात. माळ्यावरचा कंदील, कपाटांतील औषधांची पेटी, ट्रंकेंतील कोरी घोंगडी, अशी त्यांची यादी घरोघर थोडीफार सारखीच निघेल. त्या आपल्याजवळ आहेत एवढ्याच समाधानावर माणूस वर्षानुवर्षें स्वस्थ झोंप घेतो. आणि खरा प्रसंग येतो तेव्हां कंदिलाची वात कुजलेली असते व औषधाची मुदत संपलेली असते. आमच्या घरीं अशीच एक वस्तु होती. ती कंदिलाहून पुष्कळ मोठी असून दारांत उभी असे, आणि तिच्यावरील आमचा भरंवसाहि त्याच मानानें मोठा होता. तिनें आम्हांस ऐन वेळीं कसा दगा दिला, आणि मग तिच्या पोटांत हात घालून आम्हीं काय पाहिलें, तें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

पुण्याहून आगगाडीनें दौंडच्या रोखानें निघालें म्हणजे लोणी, उरुळी, यवत हीं स्थानकें मागें पडल्यावर खुटबाव लागतें. मुळा-मुठेच्या दक्षिणेकडील हा मुलूख मूळचा कमी पावसाचा, बाजरी-ज्वारीचा. खडकवासल्याचें पाणी कालव्यानें आलें आणि त्याच्या मागून ऊंस आला. आज हिवाळ्यांत तेथून जातांना गुऱ्हाळांचा गोडसर धूर गाडीच्या खिडकींतून आंत येतो. या शिवारांत आमच्या घराण्याची एके काळीं बरीच जमीन होती. १९४८ चा कूळकायदा झाला, पुढें १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन उजाडला, आणि कसणारीं कुळें जमिनींचीं मालक झालीं. आमच्याकडे राहिली ती तीन एकर जमीन, एक विहीर आणि दोन खोल्यांचें धाब्याचें घर.

आमच्या मातोश्रींचें वय ८६ वर्षांचें. पुण्याच्या सदनिकेंत त्यांचा जीव रमत नाहीं; वर्षांतील सात-आठ महिने त्या खुटबावच्या घरींच काढतात. आम्हीं पुण्यांतील एका महाविद्यालयांत ३४ वर्षें पदार्थविज्ञान शिकविलें. निवृत्त झाल्यापासून सौभाग्यवतींसह आम्हीहि तेथें जाऊन येऊन असतों. घर शिवारांत असल्यामुळें डांबरी रस्त्यापासून सुमारें दीड किलोमीटर पाणंदीनें जावें लागतें. जमीन काळी. उन्हाळ्यांत ती दगडासारखी असते आणि दोन सरी पडल्या कीं तिचें लोणी होतें. म्हणून आम्हीं चारी चाकें ओढणारी एक गाडी घेतली होती. २००८ सालची, दुसऱ्या हातची. तिचें कुलगोत्र सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं, कारण दोष तिचा नव्हता. २०२३ सालीं तिला पंधरा वर्षें पुरीं झालीं, तेव्हां चिरंजिवांनीं ती विकण्याचा सल्ला दिला. आम्हीं पर्यावरण कर भरून तिची पुढील पांच वर्षांसाठीं पुन्हां नोंदणी करून घेतली. आमचा युक्तिवाद एकच असे: "पावसांत आजीला काही झालं, तर हीच बाहेर काढील."

साध्या गाडींत एंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. चिखलांत तीं दोन चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं कीं उरलेलीं दोन नुसतीं पाहत उभीं राहतात. आमच्यासारख्या गाडींत गिअरपेटीच्या मागें आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यांतील जोडणी एका बाजूस सरकविली कीं पुढच्या चाकांनाहि जोर मिळतो, आणि आणखी सरकविली कीं वेग कमी होऊन ओढ वाढते. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेल्या जीपगाडींत हें काम चालक स्वतःच्या हातानें करी; त्यासाठीं त्याच्या पायांशीं लोखंडी दांडे असत. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनें मुंबईस ज्या जीपगाड्या जोडल्या त्यांतहि तेच दांडे होते, आणि आमच्या पिढीनें लहानपणीं सरकारी साहेबांच्या गाड्यांत ते कुतूहलानें पाहिलेले आहेत. पुढें गाड्या अधिक सुखासीन झाल्या. दांडा गेला आणि चालकासमोर एक गोल बटण आलें. त्यावर टू हाय, फोर हाय, फोर लो अशा तीन खुणा. बटण फिरविलें कीं एका नियंत्रक पेटीस हुकूम जातो, ती ट्रान्सफर केसच्या पाठीवर बसविलेल्या छोट्या विजेच्या मोटरीस प्रवाह देते, आणि पूर्वीं माणसाचा हात करी तें काम ती मोटर करते. मेकॅनिक मंडळी तिला शिफ्ट मोटर म्हणतात. गाडी घेतली त्या दिवशीं विकणाऱ्या गृहस्थानें बटण फिरवून दाखविलें होतें. पायांखालून 'टक्' असा आवाज आला, समोर हिरवा दिवा लागला, आणि आम्ही संतुष्ट झालों. त्यानंतर तें बटण आम्हीं क्वचितच फिरविलें, आणि शेवटच्या चार-पांच वर्षांत तर एकदांहि नाहीं. उगाच झीज कशाला करावयाची, असा आमचा काटकसरी विचार होता.

२०२५ सालीं पावसानें सर्वांसच चकविलें. मुंबईस एरवीं जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत पोहोंचणारा मोसमी पाऊस २६ मे रोजींच येऊन थडकला, आणि त्याच सुमारास दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांत, जेथें मे महिन्यांत लोक आभाळाकडे पाहून थकतात, तेथें ओढे दुथडी भरून वाहूं लागले. त्या दिवसांतील एके रात्रीं दीडच्या सुमारास मातोश्रींस धाप लागली. पाठीशीं तीन उशा दिल्या तरी श्वास पुरेना. ओठ निळसर दिसूं लागले. १०८ क्रमांकावर फोन केला. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येऊं शकत होती. पाणंदींतून घरापर्यंत येणें तिला शक्य नव्हतें. आम्हीं मातोश्रींस मागच्या बैठकीवर निजविलें, सौभाग्यवती त्यांचें डोकें मांडीवर घेऊन बसल्या, आणि आम्हीं मोठ्या विश्वासानें बटण फोर हायवर फिरविलें.

'टक्' झालें नाहीं. हिरवा दिवा लुकलुकूं लागला आणि लुकलुकतच राहिला. बटण मागें घेतलें, पुन्हां फिरविलें, एंजिन बंद करून पुन्हां चालू केलें. खालून कांहींच आवाज नाहीं. शेवटीं मागच्या दोन चाकांवरच निघालों. दोनशें पावलें गेलों असूं नसूं, तोंच मागचीं चाकें आंसापर्यंत रुतलीं. मागून मातोश्रींच्या श्वासाचा घरघर आवाज येत होता, आणि समोर तो हिरवा दिवा डोळे मिचकावीत होता. त्या दिव्याइतका राग आम्हांस आयुष्यांत कोणाचाहि आला नसेल.

पाणंदीच्या पलीकडे एक वस्ती आहे. त्या वस्तीवरील कुटुंबाचे आजोबा हे आमचें जुनें कूळ. आमच्या वडिलांनीं १९५७ नंतर त्या वस्तीवर पाऊल ठेविलें नाहीं. आणि भांडणाचें खरें कारणहि धड ठाऊक नसतां आम्हीं तो अबोला वारसाहक्कानें पुढें चालविला होता. पाणंदींत समोरासमोर आलों तर मान हलवावी, एवढाच काय तो व्यवहार. त्या घरीं ट्रॅक्टर आहे हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु कोणत्या तोंडानें हांक मारावी, हा विचार त्याहि घटकेस आमच्या मनांत आला, हें लिहितांना लाज वाटते. सौभाग्यवतींनीं तो विचार केला नाहीं. मातोश्रींच्या पिशवींतील फोनच्या छोट्या वहींत त्या वस्तीचा क्रमांक होता. त्यांनीं तो लावला, आणि दहा मिनिटांच्या आंत ट्रॅक्टरचे दिवे पाणंदींत दिसले.

"सर, तुम्ही आत बसा. स्टेअरिंग सरळ धरा. मी ओढतो," एवढेंच तो गृहस्थ म्हणाला. साखळी लावतांना त्यानें खिडकींतून आंत डोकावून पाहिलें. मातोश्रींनीं त्या स्थितींतहि हात उचलला आणि विचारलें, "पोरं जागी झाली का रे?"

"नाय, आजी. तुम्ही बोलू नका."

डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. तिच्यांत प्राणवायु मिळाला. हृदय थकल्यामुळें फुप्फुसांत पाणी सांचलें होतें. इस्पितळांतील डॉक्टर म्हणाले कीं आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगतां आलें नसतें. आठ दिवसांनीं मातोश्री घरीं आल्या. देवाची कृपा, एवढें म्हणून हा भाग येथें संपवितों.

आतां गाडीकडे वळूं. पुण्यांतील एका कार्यशाळेंत ती नेली. तेथें संगणक लावून पाहिल्यावर निदान झालें कीं शिफ्ट मोटर गेली. ती पूर्ण बदलावी लागेल, जुन्या गाडीचा भाग असल्यामुळें मागवावा लागेल, आणि किंमत ऐकून आमच्या निवृत्तिवेतनास घाम फुटला. त्या सल्ल्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. जेथें वेळेचे पैसे मोजले जातात तेथें पेटी उघडून बसण्यापेक्षां ती बदलणेंच स्वस्त पडतें. चिरंजीव बंगळूरहून फोनवर म्हणाले, "बाबा, आता तरी विका." परंतु आमच्या मनांत एक निराळीच बोच होती. ३४ वर्षें दर वर्षीं आम्हीं फळ्यावर मोटरची आकृति काढली होती. लोहचुंबक, वेटोळें, कॉम्युटेटर, कार्बनचे ब्रश, सर्व कांहीं बाणांसह. हजारों विद्यार्थी ती आकृति काढून उत्तीर्ण झाले. आणि आम्हीं आपल्या हातानें एकहि मोटर कधीं उघडली नव्हती! प्रयोगशाळेंत कांहीं बिघडलें तर तें प्रयोगशाळा-सहाय्यक पाहत. आम्ही चष्मा पुसत बाजूस उभे राहत असूं. हात काळे होऊं न देणें म्हणजेच विद्या, असा कांहींसा समज आमच्या पांढरपेशा घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे, आणि आम्ही त्यास अपवाद नव्हतों.

ज्यानें ट्रॅक्टर आणला त्याचा धाकटा भाऊ गांवांत मोटरी भरण्याचें दुकान चालवितो. शेतकऱ्यांच्या विहिरींवरील जळालेल्या मोटरींचें जुनें तांबें काढून नवें वेटोळें भरून देणें हा त्याचा धंदा. आभार मानण्यासाठीं म्हणून आम्ही गेलों आणि बोलतां बोलतां दुखणें सांगून बसलों. तो म्हणाला, "सर, आधी मोटरपर्यंत करंट येतो का ते बघू. मग मोटरला नावं ठेवू." हेंच वाक्य आम्हीं वर्गांत जड मराठींत कितीदां तरी सांगितलें असेल.

ऑगस्टांत एके रविवारीं काम सुरू झालें. गाडी विहिरीजवळच्या सपाट खळ्यावर घेतली. चाकांना पुढून-मागून दगड लावले, हातब्रेक ओढला, आणि जॅकवर भरंवसा न ठेवतां चासीखालीं जाड लाकडी ठोकळे रचले. ज्या कोणास हा उद्योग करावयाचा असेल त्यानें हें वाक्य घाईनें वाचूं नये. जॅक गाडी उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. एंजिनहि थंड होऊं दिलें, कारण धुराची तापलेली नळी जवळूनच जाते. प्रथम फ्यूज पाहिला, तो शाबूत. बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट, तोहि योग्य. मग गाडीखालीं शिरून शिफ्ट मोटरीच्या तारांचा कप्लर सोडविला, गाडीकडून येणाऱ्या दोन जाड तारांवर मल्टिमीटरच्या सुया टेकविल्या, आणि सौभाग्यवतींस बटण फिरविण्याची विनंति केली. क्षणभर आंकडा १२ च्या जवळ जाऊन परत शून्यावर आला. याचा अर्थ, बटण, नियंत्रक पेटी आणि मधल्या तारा ही सर्व मंडळी आपापलें काम चोख करीत होती. आतां मोटरीच्या बाजूच्या दोन तारांमधील रोध मोजला. तो अनंत निघाला!

येथें प्रथमच आमच्या विद्येचा कांहीं उपयोग झाला. मोटर फिरत असतांना तिच्या वेटोळ्यांत पुरवठ्याच्या उलट दिशेचें विद्युच्चालक बल उत्पन्न होतें, आणि तेंच प्रवाहास आळा घालतें. मोटर आंतल्या आंत अडकून उभी राहिली असती तर तो आळा नाहींसा होऊन प्रवाह भलताच वाढला असता आणि फ्यूज उडाला असता. फ्यूज तर शाबूत होता. म्हणजे मोटर अडकली नव्हती; तिच्यापर्यंत आलेल्या विजेस आंत जाण्याची वाटच कोठें तरी तुटली होती. आम्हीं हें सर्व चिखलांत उताणें पडून मोठ्या उत्साहानें समजावून सांगितलें. तो शांतपणें म्हणाला, "म्हणजे कार्बन उचललाय." आमचें पांच वाक्यांचें अनुमान आणि त्याचे तीन शब्द एकाच ठिकाणीं येऊन पोहोंचले होते.

बटण टू हायवर ठेवून बॅटरीची ऋण तार काढली. मोटर उतरविण्यापूर्वीं तिच्या कडेवर, आणि उतरविल्याबरोबर तिच्या खांचेवर खूण करावी लागते, म्हणजे पुन्हां बसवितांना तीच जागा सांपडते. त्यासाठीं सूनबाई विसरून गेलेली नखें रंगविण्याची लाल बाटली कामास आली. चार बोल्टांपैकीं तीन निमूटपणें सुटले. चौथा गंजला होता. आम्ही पान्यावर जोर करूं लागलों तेव्हां त्यानें आमचा हात धरला. "तुटला तर दोन दिवस जातील, सर. तेल सोडू, उद्या बघू." दुसऱ्या दिवशीं तो बोल्ट न कुरकुरतां सुटला.

मोटरीचें झांकण उघडतांच चमचाभर गढूळ पाणी बाहेर पडलें. आंतील ग्रीस वाळून जुन्या मेणासारखें कठीण झालें होतें. कार्बन ज्याच्यावर घासतात तें तांब्याचें कॉम्युटेटर काळें पडलें होतें. दोन कार्बनांपैकीं एक आपल्या पितळी घरांत मळानें आणि गंजाच्या पुडीनें इतका घट्ट बसला होता कीं मागची स्प्रिंग त्यास पुढें ढकलूं शकत नव्हती. त्याच्या टोंकांत आणि कॉम्युटेटरांत अंतर होतें केसाएवढें. त्या केसाएवढ्या अंतरानें त्या रात्रीं आम्हांस पाणंदींत अडविलें होतें.

पाणी आंत कसें शिरलें, याचाहि उलगडा झाला. हवेची ये-जा व्हावी म्हणून मोटरीच्या घरास एक बारीक नळी जोडलेली असते. तिच्या तोंडांत कुंभारमाशीनें मातीचें टुमदार घरटें बांधलें होतें. धांवून तापलेली गाडी चारीच्या थंड पाण्यांतून गेली कीं आंतील हवा आकुंचन पावते. नळी बंद असल्यावर ती हवेची तूट कडक झालेल्या रबरी कड्याच्या फटींतून पाणी ओढून भरून काढली जाते. असे चार थेंब दर पावसाळ्यांत गेले असावेत. मोटर अधूनमधून फिरली असती तर कॉम्युटेटर घासून स्वच्छ राहिलें असतें आणि कार्बनहि हलता राहिला असता. तिला आम्हीं फिरविलेंच नव्हतें. तो कार्बन तळहातावर घेऊन म्हणाला, "विहिरीवरची मोटर जळते ती चालवून, सर. ही गेलीय ती न चालवून."

पुढील काम हातानें करावयाचें होतें, आणि तें त्यानें आमच्याकडून करविलें. कॉम्युटेटरवर झीरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानें फिरविला. एमरी वापरूं नये, तिचे विजेस वाट देणारे कण दोन पट्ट्यांच्या मध्यें अडकून राहतात. त्या पट्ट्यांमधील फटी बांबूच्या काडीनें कोरून साफ केल्या. कार्बनचें घर पुसून तो बोटाच्या स्पर्शानें सरकूं लागेपर्यंत घासला. मोटर कोणत्या स्थितींत आहे हें नियंत्रक पेटीस कळविणारी तांब्याच्या वळ्यांची एक पातळ चकती असते. तिच्यावर हिरवा थर चढला होता, तो आमच्या पेटींतील खोडरबरानें निघाला. जुनें ग्रीस काढून नवें बेताचें भरलें, यवतच्या बाजारांतून मापाचें नवें रबरी कडें आणलें, आणि कुंभारमाशीचें घरटें काढून नळीचें तोंड बारीक जाळीनें झांकलें. हें सर्व होईतों आमचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मातोश्री ओट्यावर बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "साठी उलटली, आता कुठं मुंज झाली म्हणायची."

यानंतर आमच्या हातून एक घोडचूक झाली, तीहि सांगितली पाहिजे. झांकण लावल्यावर मोटर फिरते कीं नाहीं हें पाहण्याच्या उतावळेपणांत आम्हीं तिच्या दोन तारा थेट बॅटरीस लावल्या. ती 'घुर्र' करून फिरली आणि आम्ही टाळ्या वाजविल्या. तशीच ती बसविली, बोल्ट आवळले, आणि बटण फिरविलें. दिवा पुन्हां लुकलुकूं लागला! खांच आपल्या जागेवरून फिरली होती आणि लाल खूण खुणेशीं जुळत नव्हती, हें दोघांच्याहि ध्यानांत आलें नव्हतें. मोटर पुन्हां उतरविली, तारा उलटसुलट लावून ती थोडी थोडी फिरवीत खूण खुणेवर आणली, आणि पुन्हां बसविली. संध्याकाळ झाली होती.

दुसऱ्या दिवशीं उंसाच्या कडेच्या ओल्या पट्ट्यांत गाडी नेली. अशी परीक्षा डांबरी रस्त्यावर घेऊं नये. वळतांना पुढचीं चाकें मागच्यांहून अधिक अंतर कापतात. चिखलांत तो फरक चाकें घसरून भरून निघतो, कोरड्या रस्त्यावर तो पेटींत पीळ होऊन बसतो. सौभाग्यवती शेजारीं बसल्या. बटण फिरविलें. पायांखालीं 'टक्' झालें, आणि हिरवा दिवा स्थिर लागला. चारी चाकें चिखल उडवीत गाडीस पुढें घेऊन गेलीं. परत टू हायवर येतांना दिवा विझेना, तेव्हां गाडी चार हात मागें घेतली. पीळ सुटला आणि दिवा विझला. एकूण खर्च रबरी कडें, ग्रीस, पॉलिश पेपर आणि सफाईचा द्राव एवढाच. मजुरी विचारली तेव्हां त्यानें मान हलविली. "चहाला या वस्तीवर. एवढंच."

आम्ही गेलों. आमच्या घरांतील पुरुष माणूस त्या अंगणांत बसून चहा घेत आहे, असें १९५७ नंतर प्रथमच घडत होतें. आम्हीं थोरल्या भावाजवळ त्या रात्रीची गोष्ट काढली आणि, इतक्या वर्षांचा अबोला असतां आपण धांवून आलांत, असें कांहीं तरी अवघडून म्हणालों. तो गृहस्थ गोंधळला. "अबोला कसला, सर? आजी दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येतात. माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस रोज येऊन बसत होत्या. तुमच्या वडलांना माहीत होतं का नाही, ते आपल्याला ठाऊक नाही."

आम्ही घरीं येऊन मातोश्रींस विचारलें. त्यांनीं तांदूळ निवडतां निवडतां उत्तर दिलें, "ह्यांचं ह्यांच्यापाशी. शेजार मोडून कसं चालेल? एखाद्या रात्री लागतो."

त्या रात्रीं आमचें जें जें म्हणून आम्हीं राखून ठेविलें होतें तें बंद पडलें: चार चाकांची गाडी, ३४ वर्षांचें पदार्थविज्ञान, गांवांतील आमच्या घराण्याचें नांव. चालू निघाला तो एकच धागा, आणि तो आमच्या मातोश्रींनीं कोणास न सांगतां दर वर्षीं एकदां तरी हलता ठेविला होता. त्यावर भाष्य करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्हीं आपल्यापुरता एक नियम तेवढा केला आहे.

गाडीचें तें बटण महिन्यांतून एकदां तरी फिरवावें आणि थोडें अंतर चारी चाकांवर जावें, असें मोटर भरणाऱ्यानें बजावलें आहे. आम्हांस तारखा लक्षांत राहत नाहींत. परंतु आमच्या घरांत संकष्टी कधीं चुकत नाहीं. म्हणून दर संकष्टीस दुपारीं चारच्या सुमारास मातोश्रींस पुढच्या बैठकीवर बसवितों, बटण फिरवितों, 'टक्' ऐकतों, आणि पाणंदीनें पलीकडच्या वस्तीवर जातों. चंद्रोदयापूर्वीं घरीं परतावयाचें, असा मातोश्रींचा दंडक आहे. परंतु तेथें गप्पा लांबतात. गेल्या संकष्टीस चंद्र आम्हांस पाणंदींतच दिसला. तेव्हां गाडी थांबवून, तेथल्या तेथें त्यास नमस्कार करून आम्ही पुढें निघालों.